समुद्री टाकीखालचा सम्प : वाचकांच्या शंका आणि उत्तरे

घरगुती प्रवाळ-टाकीविषयीच्या मागील लेखानंतर आलेली बहुतेक पत्रे स्टँडच्या कपाटात बसणाऱ्या दुसऱ्या टाकीविषयी, म्हणजे सम्पविषयी आहेत. वरच्या टाकीचे पाणी या सम्पमध्ये उतरते, तेथे स्वच्छ होते आणि पंपाने पुन्हा वर जाते. वरची टाकी कशी दिसावी याचे चित्र प्रत्येकाच्या मनात तयार असते. खालच्या टाकीत पाणी कोठून येते, किती थांबते आणि कोठे जाते, हे मात्र काचवाल्यालाही समजावून सांगावे लागते. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझी टाकी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ५० उंच अशी ठरली आहे. सुतार स्टँडचे काम सुरू करणार आहे आणि काचवाला सम्पचे माप मागतो आहे. सम्प किती मोठा असावा आणि त्यात किती कप्पे करावेत? (ठाण्याहून एक वाचक)

उत्तर : सम्पचे माप ठरवताना वरच्या टाकीचा चौथा किंवा तिसरा हिस्सा असा ठोकताळा बहुतेक जण सांगतात. तो चुकीचा नाही, पण त्यावर विसंबून काचा कापू नयेत. वीज गेल्यावर वरून किती पाणी खाली येईल, हा हिशेब आधी करावा आणि तेवढे पाणी निमूटपणे मावेल असा सम्प करावा. पंप चालू असताना सगळेच सम्प व्यवस्थित चालतात. पंप बंद पडतो तेव्हा मात्र वरच्या टाकीतील पाणी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी खाली सोडणाऱ्या मार्गाच्या, कडेपर्यंत उतरतेच, शिवाय ज्या नळीतून पंप पाणी वर चढवत होता त्याच नळीतून ते उलट खाली येऊ लागते आणि नळीचे तोंड उघडे पडून आत हवा शिरेपर्यंत येतच राहते.

आपल्याच मापांवर हे करून पाहू. १२० गुणिले ४५ म्हणजे ५,४०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग. पातळी एक सेंटिमीटर उतरली की ५.४ लिटर पाणी खाली येते. पाणी वर चढवणाऱ्या या रिटर्नच्या नळीचे तोंड पृष्ठभागाखाली जेमतेम तीन सेंटिमीटर ठेवले, तर सुमारे १६ लिटर पाणी येईल. ओव्हरफ्लोच्या पेटीतले आणि पाइपांमधले चार-पाच लिटर त्यात मिळवले, की हा आकडा २१ लिटरांवर जातो. सम्प ७५ सेंटिमीटर लांब, ३५ रुंद आणि ४० उंच केला, तर त्यात एका सेंटिमीटरला सुमारे २.६ लिटर पाणी बसते, म्हणजे २१ लिटरांनी पातळी आठ सेंटिमीटर चढेल. एरवीची पातळी २२ सेंटिमीटर असेल, तर ती ३० वर जाईल आणि वर दहा सेंटिमीटर मोकळे राहतील. आता हेच तोंड पाणी खोलवर ढवळावे म्हणून १२ सेंटिमीटर खाली ठेवले, तर पाइपांसह जवळजवळ ७० लिटर पाणी खाली येईल. सम्पमध्ये जागा असेल ४७ लिटरांची, आणि उरलेले २३ लिटर खारे पाणी फरशीवरून शेजारच्या खोलीत जाईल. नळीला पृष्ठभागाच्या किंचित खाली एक लहान भोक पाडून ठेवण्याची युक्तीही चांगली आहे, कारण ते उघडे पडताच हवा आत शिरते आणि प्रवाह तुटतो. मात्र शेवाळाने ते बुजते, म्हणून दर आठवड्याला काडीने साफ करावे लागते. पाणी उलट येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या भरवशावर लहान सम्प करू नये. त्याच्या झडपेवर चुन्याचे पुट चढते, कधी एखादी इवलीशी गोगलगाय अडकते, आणि झडप पूर्ण मिटत नाही.

कप्प्यांचे म्हणाल, तर आपल्या मापात तीन पुरेत. वरून येणारे पाणी पडते तो पहिला कप्पा १८ सेंटिमीटर, फेसाबरोबर मळ बाहेर काढणाऱ्या स्किमर या उपकरणाचा ३० सेंटिमीटर आणि शेवटचा रिटर्न पंपाचा २० सेंटिमीटर ठेवावा. दुसऱ्या आणि तिसऱ्या कप्प्यांच्या मध्ये अडीच-अडीच सेंटिमीटर अंतराने तीन पडद्या लावाव्यात, पहिली व तिसरी तळाला चिकटलेली आणि मधली तळापासून उचललेली, म्हणजे पाणी वरून, मग खालून, मग पुन्हा वरून जाते आणि बुडबुडे मागे राहतात. स्किमरच्या कप्प्यातील पाण्याची पातळी त्यापुढच्या पडदीच्या उंचीवर ठरते आणि ती कायम स्थिर राहते. स्किमरला हेच हवे असते, त्यामुळे पडदीची उंची स्किमरच्या माहितीपत्रकात दिलेल्या खोलीप्रमाणे ठेवावी.

पंपाचा कप्पा मोठा असावा, असे आपल्याला कोणीतरी सुचवेलच. मोठा कप्पा म्हणजे बाष्पीभवनाला अधिक सवड, हे खरे आहे. पण ओव्हरफ्लोच्या तोंडाशी एखादा मासा किंवा शेवाळाचा गोळा अडकला, तर पंप या कप्प्यातील सगळे पाणी वर चढवून मोकळा होतो. २० गुणिले ३५ सेंटिमीटरच्या कप्प्यात २० सेंटिमीटर पाणी असेल, तर ते १४ लिटर भरते आणि वरच्या टाकीची पातळी त्याने सुमारे अडीच सेंटिमीटर वाढते. वरच्या टाकीत पाण्याच्या वर तीन सेंटिमीटरची कोरी काच ठेवली असेल, तर घर सुरक्षित राहते. कप्पा याहून मोठा केला, तर ही कोरी काचही त्याच हिशेबाने वाढवावी लागेल.

सुताराला तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. कपाटाची आतली उंची ७५ सेंटिमीटरच्या आसपास असावी, कारण स्किमरची वाटी वर उचलून काढावी लागते. दर्शनी बाजूच्या मध्यभागी खांब येऊ देऊ नये, नाहीतर सम्प एकदा आत गेला की स्टँड तोडल्याशिवाय बाहेर येत नाही. आणि प्लायवूड मरीन दर्जाचे असून कापलेल्या कडाही लॅमिनेट किंवा रंगाने बंद केलेल्या असाव्यात. पाणी, काच, दगड, वाळू आणि स्टँड मिळून वजन साडेचारशे किलोच्या पुढे जाते, तेव्हा जागा खोलीच्या मधोमध न निवडता भिंतीलगत, शक्यतो तुळईजवळ निवडावी. इमारत जुनी असेल, तर स्थापत्य अभियंत्याला एकदा दाखवून घ्यावे.

प्रश्न : काचेला भोक पाडण्याचे धाडस होत नाही. कडेवर अडकवायचा तयार ओव्हरफ्लो चालेल का? शिवाय मित्राच्या सम्पचा आवाज एखाद्या तुंबलेल्या मोरीसारखा सतत येत असतो, तो टाळता येईल का? (पुण्याहून एक वाचक)

उत्तर : कडेवर अडकवायचे जे ओव्हरफ्लो उलट्या यू आकाराच्या नळीतून पाणी खेचतात, ते नळीत हवा साचली की थांबतात. वीज जाऊन परत आली की ही वेळ हमखास येऊ शकते, आणि पंप मात्र पाणी वर टाकतच राहतो. टाकी अजून रिकामी आहे तोवर भोक पाडून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. साध्या काचेला हिऱ्याच्या कटरने, सतत पाण्याची धार सोडत भोक पाडता येते. टफन काचेला ते पाडू गेल्यास सगळी काच क्षणात चुरा होते, म्हणून मागची आणि तळाची काच कोणती आहे हे काचवाल्याकडून आधी खात्रीने विचारून घ्यावे. भोक आणि काचेची कड यांच्यात निदान भोकाच्या व्यासाइतके अंतर सोडावे. या भोकात जो भाग बसवायचा, त्याला हार्डवेअरच्या दुकानात टँक निपल म्हणतात. त्याचा रबरी वॉशर टाकीच्या पाण्याच्या बाजूला यावा आणि नट हातानेच आवळावा.

आवाज पाण्याचा नसतो, पाण्याबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेचा असतो. एकाच पाइपाने पाणी आणि हवा दोन्ही उतरवायची म्हटले की गुडगुड आलीच. त्यावर हर्बी पद्धत हा उत्तम उपाय आहे. यात दोन पाइप असतात. पहिला पाण्याने पूर्ण भरून वाहतो आणि त्याच्या खालच्या टोकाला व्हॉल्व्ह असतो. दुसरा त्याच्याहून उंच, एरवी जवळजवळ कोरडा राहणारा आणि पहिला तुंबला तर सगळे पाणी वाहून नेणारा असतो. पंप चालू करून व्हॉल्व्ह थोडाथोडा बंद करत जावे, म्हणजे ओव्हरफ्लोच्या पेटीतले पाणी हळूहळू चढते आणि दुसऱ्या पाइपात बारीक झिरप सुरू झाली की थांबावे. प्रत्येक बदलानंतर पाच मिनिटे थांबल्याशिवाय पातळी खरी कोठे स्थिरावते ते कळत नाही. पहिल्या पाइपाचे खालचे टोक सम्पच्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटरच बुडवावे. ते तळापर्यंत नेले, तर आतली हवा लवकर बाहेर पडत नाही आणि वीज आल्यावर पाइप भरून वाहायला वेळ लागतो.

या कामी बारीक जुळवणी होते ती गेट व्हॉल्व्हने, बॉल व्हॉल्व्हने तेवढी होत नाही. मात्र दुकानदार गेट व्हॉल्व्ह म्हणून बहुधा पितळेचा पुढे करतो, आणि तो आपल्या टाकीत कदापि येता कामा नये. पितळेत तांबे असते, खाऱ्या पाण्यात ते सुटत राहते, आणि प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी यांना तांब्याचा अत्यल्प अंशही मारक ठरतो. यूपीव्हीसीचा गेट व्हॉल्व्ह मागवावा. तो मिळेपर्यंत साधा प्लॅस्टिकचा बॉल व्हॉल्व्ह परवडला. हाच नियम पाइपांवरच्या लोखंडी क्लिपांना लागू आहे, त्यांच्याऐवजी नायलॉनच्या वापराव्यात.

पंपाविषयी थोडक्यात. टाकीतील पाणी तासाला तीन ते पाच वेळा सम्पमधून फिरले की पुरे. ठाण्याच्या पत्रातील माप सुमारे २५० लिटरचे आहे, म्हणजे प्रत्यक्ष वर पोहोचणारे पाणी तासाला हजार लिटरच्या आसपास हवे. पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. सव्वा मीटर चढ आणि पाइपाची दोन-तीन वळणे (एल्बो) पार करताना बऱ्याच पंपांचा तो निम्म्यावर येतो, म्हणून दोन ते अडीच हजारांचा पंप घ्यावा. प्रवाळांना लागणारा जोराचा प्रवाह टाकीतच बसवलेल्या वेव्हमेकरने द्यायचा असतो, तो सम्पकडून मागू नये.

प्रश्न : दुकानदाराने सम्पसाठी बायोबॉल, सिरॅमिक रिंग, स्पंजचे तीन थर आणि यूव्ही दिवा अशी यादी दिली आहे. स्किमरचे नाव त्यात नाही. हे सगळे लागते का? (नाशिकहून एक वाचक)

उत्तर : ही यादी गोड्या पाण्याच्या सवयीतून आलेली दिसते. बायोबॉलचा इतिहास मात्र समुद्री टाकीचाच आहे. जाकार्तातील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये समुद्रातून आणलेले सजीव खडक, म्हणजे जिवाणू आणि लहान जीव वसलेले खडक, आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगवण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती, पण पुढची पंचवीस वर्षे छंदिष्टांचा भर यंत्रांवरच राहिला. १९८६ मध्ये अमेरिकेत जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने ट्रिकल फिल्टर घरोघरी पोहोचवला. प्लॅस्टिकच्या गोळ्यांवरून पाणी ठिबकत जाते, गोळ्यांवरच्या जिवाणूंना भरपूर ऑक्सिजन मिळतो आणि अमोनियाचे नायट्राइट, नायट्राइटचे नायट्रेट झपाट्याने होते. अडचण त्यापुढची आहे. नायट्रेटचा निचरा करणाऱ्या जिवाणूंना कमी ऑक्सिजनची जागा लागते आणि ती उघड्या गोळ्यांवर मिळत नाही. ती मिळते सच्छिद्र खडकाच्या पोटात. शिवाय गोळ्यांच्या फटींत अन्नाचे कण साचून कुजत राहतात. म्हणून स्किमर आणि खडक यांवर उभी असलेली, बर्लिनच्या नावाने ओळखली जाणारी जर्मन पद्धत पुढे रूढ झाली, आणि आजही घरच्या टाकीचा पाया तोच आहे. केवळ मासे ठेवायचे असतील, तर बायोबॉलांनी बिघडत नाही. प्रवाळ ठेवायचे असतील, तर तो खर्च खडकांवर करावा. सिरॅमिकचे सच्छिद्र ठोकळे सम्पमध्ये ठेवायला हरकत नाही, फक्त त्यांच्या आधी गाळणी असावी, म्हणजे ते गाळाने भरत नाहीत.

स्किमर यादीत वरच्या क्रमांकावर हवा. पाण्यात विरघळलेल्या अनेक सेंद्रिय पदार्थांची प्रवृत्ती पाणी आणि हवा यांच्या सीमेवर चिकटण्याची असते. खाऱ्या पाण्यात बुडबुडे अतिशय बारीक होतात, त्यामुळे अशी सीमा प्रचंड वाढते, आणि हे पदार्थ फेसाबरोबर वर चढून वाटीत जमतात. ते कुजून अमोनिया होण्याआधीच पाण्याबाहेर पडतात, हे त्याचे खरे मोल आहे. ऑक्सिजन वाढतो तो वेगळाच. नवा स्किमर पहिले काही दिवस एक तर काहीच करत नाही, नाहीतर ओसंडून वाहतो, तेव्हा लगेच बदलायला धावू नये. त्यात हात घालताना तेल किंवा क्रीम लागलेले असले, तर फेस काही तासांसाठी बसतो, हेही ध्यानात ठेवावे.

स्पंजांऐवजी पहिल्या कप्प्यात २०० मायक्रॉनची गाळणी-पिशवी लावावी आणि ती दर तीन-चार दिवसांनी बदलावी. आठवडाभर तशीच ठेवलेली पिशवी ही लहानशी कचराकुंडीच असते, आणि ती बदलण्याचा कंटाळा असेल, तर मुळीच न लावणे अधिक बरे. काळा ॲक्टिव्हेटेड कार्बन महिन्याला एकदा नवा घालावा. यूव्ही दिवा आज घेऊ नये. शेवाळाच्या कप्प्याविषयी, म्हणजे रिफ्युजियमविषयी अनेकांनी विचारले आहे. कीटोमॉर्फा हे दोऱ्यांसारखे शेवाळ नायट्रेट आणि फॉस्फेट शोषून घेते, आणि वरचे दिवे बंद असताना त्यावर प्रकाश दिला, तर रात्री घसरणारा पीएच सावरतो. तरीही ७५ सेंटिमीटरच्या सम्पमध्ये त्यासाठी जागा ओढूनताणून काढावी, असे मला वाटत नाही. सहा महिन्यांनी नायट्रेट वाढताच राहिला, तर विचार करावा. तो शून्यावर नेण्याचाही अट्टहास नको. पाण्यात पोषणच उरले नाही, तर प्रवाळ फिकटतात आणि डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म एकपेशी जीवांचा तपकिरी चिकट थर पसरण्याची भीती असते. नायट्रेट दोन ते दहा आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम (दहा लाखांत भाग) या दरम्यान राहिले की समाधान मानावे.

प्रश्न : आमच्याकडे समुद्र दारात आहे. किनाऱ्यावरचे पाणी, वाळू आणि ओहोटीला उघडे पडणारे खडक वापरले तर निम्मा खर्च वाचेल. चालेल ना? (रत्नागिरीहून एक वाचक)

उत्तर : खडकांना हातही लावू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्री घोडे समाविष्ट झाले, आणि या अनुसूचीतील प्राण्यांविषयीच्या गुन्ह्याला किमान तीन वर्षांची कैद आहे. ओहोटीच्या खडकावर दगडी प्रवाळाची बटणाएवढी वसाहत असली, तरी तो खडक या कक्षेत येतो. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून घोषित आहे, तेथे तर प्रश्नच उद्भवत नाही. विकत घेतानाही दगडी प्रवाळ टाळावेत. मश्रूम, झोअँथस, लेदर अशा मऊ प्रकारांवर सुंदर टाकी उभी राहते, मात्र विक्रेत्याकडून आयातीची कागदपत्रे मागून घ्यावीत. खडक म्हणून कृत्रिम सिरॅमिक किंवा सुका सच्छिद्र खडक वापरावा. त्यावर जिवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्याशिवाय मासा सोडू नये.

किनाऱ्याजवळच्या पाण्यात पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी आणि गाळ मिसळतो, बंदराजवळ डिझेलचा तवंग असतो, आणि क्षारता महिन्यागणिक बदलते. कृत्रिम मीठ महाग असले, तरी प्रत्येक बादली सारखी होते. कोकणातल्या बऱ्याच किनाऱ्यांवरची वाळू गारगोटीची असते, तिचा रासायनिक उपयोग काही नाही. चुनखडीची ॲरागोनाइट वाळू घ्यावी.

प्रश्न : दोन प्रश्न आहेत. चिलर सम्पच्या कपाटातच ठेवला तर चालेल का? आणि बाष्पीभवनाची भरपाई घरच्या आरओच्या पाण्याने करता येईल का? (दादरहून एक वाचक)

उत्तर : चिलर पाण्यातील उष्णता काढून आजूबाजूच्या हवेत सोडतो. बंद कपाटात ती हवा तापत जाते, सम्पचे पाणी पुन्हा गरम होते आणि चिलर थांबायचे नाव घेत नाही. तो कपाटाबाहेर, मोकळ्या हवेत ठेवावा. पाण्यावर पंखा सोडून तापमान उतरवण्याचा स्वस्त उपाय नाशिक-पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये चांगला चालतो. मुंबईच्या दमट हवेत बाष्पीभवनच मंदावते, म्हणून तेथे चिलरला पर्याय नाही. २५ ते २७ अंश सेल्सियस हे लक्ष्य ठेवावे.

बाष्पीभवनात पाणी जाते, मीठ मागे राहते. एकूण ३०० लिटर पाण्यातून दिवसाला तीन लिटर उडाले, तर पाच दिवसांत क्षारता ३५ वरून जवळजवळ ३७ पीपीटीवर (हजारात भाग) जाते. सम्पमध्ये ही घट फक्त पंपाच्या कप्प्यात दिसते आणि पहिल्या उत्तरात सांगितलेल्या मापाच्या कप्प्यात ती रोज चार सेंटिमीटरांहून अधिक असते, त्यामुळे गावाला चार दिवस गेले की पंप कोरडा पडलाच. फ्लोटवर चालणारी आपोआप भरणी म्हणूनच आवश्यक आहे. पण तिला इमारतीच्या नळाची थेट जोडणी देऊ नये. फ्लोट अडकला, तर पाणी वाहतच राहील. वीस लिटरच्या वेगळ्या डब्यातून भरणी केली, तर सगळा डबा रिता झाला तरी क्षारता सुमारे ३३ च्या खाली जात नाही.

पिण्याच्या आरओमध्ये बहुधा विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण (टीडीएस) राखणारा कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असते, म्हणजे गाळलेल्या पाण्यात क्षार पुन्हा मिसळले जातात. ती जोडणी टाळून पाणी मेम्ब्रेनमधून थेट घ्यावे आणि त्यापुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची नळी लावावी. टीडीएस मीटरवर शून्य दिसले पाहिजे. मुंबईच्या तलावांचे पाणी मुळात मृदू असल्याने रेझिन पुष्कळ दिवस टिकते. बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्यावर असणाऱ्यांनी ते वारंवार बदलण्याची तयारी ठेवावी.

प्रश्न : आमच्याकडे दुरुस्तीसाठी आठवड्यातून एक दिवस पाच-सहा तास वीज नसते. इन्व्हर्टरवर काय चालवावे? (साताऱ्याहून एक वाचक)

उत्तर : सर्वप्रथम पाण्यातला ऑक्सिजन संपतो, म्हणून वेव्हमेकर इन्व्हर्टरवर घ्यावा आणि त्याचे तोंड पृष्ठभाग ढवळेल असे वर वळवावे. त्यानंतर ताकद उरली, तर रिटर्न पंप. दिवे, स्किमर आणि चिलर यांना वगळावे. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा नसेल, तर एसी पंप गुणगुणतात आणि तापतात. २४ व्होल्टचे डीसी पंप या बाबतीत सोयीचे पडतात. बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप मात्र वेगळा घेऊन ठेवावाच. सगळ्या वायरी प्लगच्या खाली लोंबून मग वर चढतील अशा सोडाव्यात आणि या जोडणीला वीज गळताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावून घ्यावा.

वीज परत येते त्या क्षणी सम्पची पातळी चढलेली असते, आणि स्किमर त्याच वेळी सुरू झाला तर वाटीतला सगळा मळ सम्पमध्ये सांडतो. त्यासाठी स्किमरच्या प्लगला दहा मिनिटांच्या विलंबाचा टायमर लावावा, किंवा वाटीच्या निचऱ्याची नळी वेगळ्या डब्यात सोडावी आणि त्या डब्याच्या झाकणात हवेसाठी भोक ठेवावे.